उंबऱ्यावरून पाहिलेली चित्रे

चित्रप्रदर्शन पाहून आम्ही गावी परतलो, की मोहल्ल्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. वडीलधारी विचारतात, "तसबिरी काढणे आपल्यात चालते काय?" आणि शिकलेली पोरे विचारतात, "सर, त्यातले तुम्हाला तरी काही कळले काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आलिमांनी द्यावे, तो आमचा अधिकार नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही आजवर हसून बगल देत आलो. मिरजेत वाढून, सांगलीत चित्रकला शिकवून आणि स्वतः रंगांत हात घालून जन्म गेल्यावर अशी बगल देणे शोभत नाही. म्हणून हा प्रपंच.

नवी कला आपल्या मुलखात आलीच नाही, अशी तक्रार करायलाही जागा नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले. रविवर्म्याची चित्रे पाहायला तिथे शाळांच्या सहली जातात. त्याच संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प आहे. शाळकरी वयात आम्ही त्याच्यासमोरून तसेच पुढे गेलो होतो. नाक-डोळे नीट नाहीत, म्हणजे काम अर्धवट राहिले असणार, अशी आमची समजूत. पुढे विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तेव्हा कळले, की त्या दगडात चेहऱ्याला महत्त्व नाही. आईच्या अंगाचे वजन आणि मुलाला दिलेला आधार, एवढेच त्याला सांगायचे आहे. दगड होता तिथेच होता. थांबायला आम्ही शिकलो नव्हतो.

मुंबईत 1992 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत मकबूल फिदा हुसेन यांचे 'श्वेतांबरी' हे प्रदर्शन भरले, तेव्हा मात्र आम्ही थांबूनही रागावलो. हुसेन म्हणजे पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाची पोस्टरे रंगवत वर चढलेले. त्यांच्या घोड्यांवर आम्ही पोसलेलो. आत जाऊन पाहतो तर चित्र नाही. पांढऱ्या कापडाचे पडदे आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचा फाटका पसारा. एस.टी.चे भाडे फुकट गेले, असे वाटले. आज इतक्या वर्षांनी विचार करतो, तेव्हा कोऱ्या कापडाखाली बातम्यांचा तो चुराडा डोळ्यांपुढे येतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत जे घडले, त्याच्याशी तो आमच्या मनात जोडला जातो. पण ही जोड आम्ही मागाहून लावली, हेही कबूल केले पाहिजे. हुसेन यांचे नाव बाजूला ठेवले तर त्या पांढऱ्या कापडात किती उरते, याविषयी आमची शंका अजून फिटलेली नाही. थोर माणसाचे प्रत्येक काम थोर मानायचे, हा उरुसातला रिवाज झाला. समीक्षेत तो चालत नाही.

तेव्हापासून आम्ही एक कसोटी धरली. भिंतीवरचे टिपण न वाचता कामापुढे उभे राहायचे. हल्ली अनेक प्रदर्शनांत टिपण लांब आणि चित्र आखूड असते. ते टिपणही बहुधा इंग्रजीत, आणि इंग्रजीही अशी, की वाचणारा आपल्यालाच अडाणी समजून बाहेर पडतो. टिपण काढून घेतल्यावर जे कोसळते, ते चित्र नव्हतेच.

या कसोटीला सर्वांत चोख उतरल्या त्या नसरीन मोहमदी. कराचीत 1937 मध्ये जन्मलेल्या, बडोद्याला शिकवणाऱ्या, आणि आपल्याच कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला 1990 मध्ये वारलेल्या. त्यांच्या बहुतेक कामांना नाव नाही, तारीखही नाही. दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात 2013 मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन पाहिले. कागदावर शाईच्या आणि पेन्सिलीच्या रेषा, बस्स. काही जवळजवळ, काही लांब, काही मध्येच विरलेल्या. पट्टीने ओढलेल्या, तरी त्यांत जीव. अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर साथ देईना, तरी रेषा ढळली नाही. 2016 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडले, तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांत नसरीन यांचे काम होते. आमच्या जिल्ह्यातल्या किती चित्रकला शिक्षकांना हे नाव ठाऊक आहे?

त्याच संग्रहालयात 2020 च्या फेब्रुवारीत झरीना हाश्मी यांचे प्रदर्शन पाहिले. दोन महिन्यांनी, एप्रिलात, त्या लंडनमध्ये वारल्या. झरीना अलिगढच्या. 1959 मध्ये आईवडील पाकिस्तानात गेले, त्या स्वतः जगभर फिरत राहिल्या. 1999 च्या 36 छापचित्रांच्या मालेला त्यांनी 'होम इज अ फॉरेन प्लेस' म्हटले, म्हणजे घर हाच परका मुलूख. प्रत्येक छापात एक उर्दू शब्द आणि त्याची मोजक्या रेषांतली आकृती.

प्रदर्शनातल्या एका उर्दू मजकुरापुढे उभे असताना शेजारच्या एका विद्यार्थिनीने आमच्या दाढीकडे पाहून अदबीने विचारले, "अंकल, ये आप पढ़ देंगे?" आम्ही ओशाळलो. आम्ही मराठी शाळेत शिकलो. घरात दखनी बोलतो. उर्दू अडखळत, बोट ठेवून वाचतो. ही लिपी आमचीच, असे त्या मुलीने गृहीत धरले होते, आणि ती आम्हाला पुरती येत नव्हती. आपल्या वाचकांपैकी अनेकांवर असा प्रसंग आला असेल. पण मग झरीनांच्या दारांच्या आणि भिंतींच्या रेषा पाहताना आमच्या मनात जो शब्द उमटला, तो होता 'उंबरा'. मिरजेच्या घरातला उंबरा, ज्यावर बसून अम्मी तांदूळ निवडायची. चित्राने तो शब्द परत पाठवला नाही. आम्ही आमच्या भाषेतून आत गेलो आणि दार उघडे होते.

परत आल्यावर नसरीन यांच्या प्रदर्शनाचे पुस्तक घेऊन आम्ही सतारमेकर गल्लीत एका बुजुर्ग चाचांकडे गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण चाचांचा दिवस अजून घोडीवर कानस चालवण्यातच जातो. तारेचा आणि घोडीचा केसाएवढा स्पर्श जमला की जवारी खुलते. तो जमेपर्यंत घासायचे, ऐकायचे, पुन्हा घासायचे. पुस्तक त्यांनी दूर धरून बराच वेळ पाहिले. अर्थ विचारला नाही. एवढेच म्हणाले, "हात से खींचे क्या? इनो पडदे अच्छे बांधते थे." सतारीच्या दांडीवर पडदे कमी-जास्त अंतराने बांधतात, हे ध्यानात घेऊन ती चित्रे पुन्हा पाहावीत. आम्ही वाचलेल्या कुठल्याही इंग्रजी टिपणापेक्षा हे वाक्य आम्हाला जास्त उपयोगी पडले.

पोरांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. कळले तेवढे आपल्या घरच्या शब्दांनी कळले. बाहेरचे लोक झरीना, हुसेन यांच्यात आधी मुसलमान शोधतात, आपले लोक आधी फतवा शोधतात. दोघांचेही चित्र पाहायचे राहून जाते. सांगली-मिरजेत नव्या चित्रांची, मराठीत लिहिलेल्या चार ओळींच्या टिपणांसह, निदान वर्षातून एक फेरी व्हावी, असे आम्हाला वाटते. पहिल्या दिवशी चाचांना रिक्षाने घेऊन जाण्याचे आम्ही कबूल केले आहे.