अर्धा तास विसरलेलं घड्याळ

रिव्हर्सोची जन्मकथा नगरकराला लगेच आपली वाटते. हिंदुस्थानात पोलो खेळताना ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून चौकटीतच पालथं करता येणारं घड्याळ निघालं, असं जेजर-लकूल्त्र कंपनी सांगते. पेटंटचा अर्ज १९३१चा, पॅरिसमधला. घोडदळ आणि रणगाड्यांच्या गावात वाढलेल्याला भुलायला एवढं पुरतं.

त्यातलं ‘ट्रिब्यूट डुओफेस’ बघा. पुढे निळी तबकडी. पालथं केलं की चंदेरी, तिच्यावर दुसऱ्या देशाची वेळ. अशा जादा कामाला घड्याळवाले ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. रंगांची जोडी मला पटते. नगरमध्ये बसून रात्री क्लायंटचे कॉल घेताना, अर्धवट झोपेतही कुठली वेळ बघतोय ते कळेल.

पण मागचा तासकाटा एकेका तासानेच सरकतो. मिनिटं दोन्हीकडे तीच. भारताची प्रमाणवेळ १९०६पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे हिवाळ्यात नगरला रात्रीचे नऊ वाजले की लंडनला दुपारचे साडेतीन. हे घड्याळ तीन दाखवणार, नाहीतर चार. टाइमझोनचा फरक पूर्ण तासांतच साठवणारा कोड आमच्याकडे रिव्ह्यूतून पुढे जात नाही. इथे त्यासाठी कित्येक महिन्यांचा पगार मोजायचा! आणि गोष्ट मात्र हिंदुस्थानची.

घ्यायचंच तर मी एकाच तबकडीचं घेईन, छोट्या सेकंदकाट्याचं, निळं. मागे नुसतं कोरं स्टील, हवं ते कोरून घ्यायला. लंडनची वेळ फोन सांगतोच, अर्ध्या तासासकट.