शोकाची भाषा आणि 'श्यामची आई'

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून सुसंस्कारांची पोथी म्हणूनच ती मराठी मुलांच्या हाती दिली जाते. वाचन संपताच शिक्षक तात्पर्य विचारतात आणि 'आईची आज्ञा पाळावी' असे मुले एकसुरात सांगतात. परंतु त्याच वर्गात नुकतेच मातृवियोग झालेले एखादे मूल असेल, तर त्याने या तात्पर्याचे काय करावे? हा प्रश्न मनात धरून आम्ही हे पुस्तक पुन्हा वाचले.

त्याचा पहिला गुण असा की, मृत्यूस ते आडपडदा ठेवीत नाही. 'आई गावाला गेली' असे सांगून लहानांची समजूत घालण्याची आपली रीत आहे; पण गावाला गेलेले माणूस परत येते हे मुलास ठाऊक असते, म्हणून ते दाराकडे डोळे लावून बसते. येथे मात्र 'भस्ममय मूर्ती' या प्रकरणात आईची राखच श्यामच्या दृष्टीस पडते. दुसरा गुण कथनाचा. श्याम आपले दुःख एका दमात सांगत नाही. बेचाळीस रात्री तो थोडथोडे सांगतो, आणि ऐकणारे दुसऱ्या रात्री पुन्हा येऊन बसतात. दुःख बोलते होण्यास इतका अवकाश व असे श्रोते लागतातच.

अश्रूंचा अतिरेक हा या पुस्तकावरील जुना आक्षेप. आमचा आक्षेप निराळा आहे. श्यामच्या शोकात पश्चात्ताप फार मिसळला आहे. प्रौढ वाचकास तो शोभून दिसतो. परंतु सहासात वर्षांचे मूल मृत्यूचे कारण पुष्कळदा आपल्याच खोडीत शोधते. 'मी ऐकले नाही, म्हणून आई गेली' असे मनात धरून बसलेल्या मुलास आज्ञापालनाचे तात्पर्य सांगणे म्हणजे सांत्वनाच्या जागी आरोप ठेवणे होय. आई आजाराने व दारिद्र्याने खचली, श्यामच्या हट्टाने नव्हे, हे पुस्तकातच आहे. शिक्षकाने ते उघड शब्दांत सांगितले पाहिजे.

त्या दिवशी तात्पर्य राहू द्यावे. 'तुला आईची कोणती गोष्ट आठवते?' एवढेच विचारावे. मुलाने सांगितली तर ऐकावी, चित्र काढले तर पाहावे, गप्प राहिले तर जवळ बसावे. असे झाले तरच हे पुस्तक त्या मुलाचे होईल. एरव्ही ते परीक्षेचेच राहील.