'पोत' : एका शब्दाची कुळकथा

अलीकडील काव्यसमीक्षेंत 'कवितेचा पोत' हा प्रयोग इतका रूढ झाला आहे कीं, त्याचा अर्थ काय असें कोणी विचारीत नाहीं. 'टेक्श्चर' या इंग्रजी शब्दासाठीं आपण तो योजतों. तो शब्द लॅटिन 'तेक्सेरे', म्हणजे विणणें, या धातूपासून निघाला. 'टेक्स्टाइल' म्हणजे कापड व 'टेक्स्ट' म्हणजे संहिता, हीं त्याचींच भावंडें.

भाषाशास्त्रज्ञ याहून मागें जातात व 'तेक्सेरे'चें नातें संस्कृत 'तक्ष्' धातूशीं लावतात. तक्ष् म्हणजे विणणें नव्हे, लाकूड तासून घडविणें. तक्षन् हा सुतार. ग्रीक 'तेक्तोन्' हाहि सुतारच. एका कुळांत सुतार व कोष्टी कसे नांदले, असें कोणास वाटेल. पण ऋग्वेदांतील कवि आपलें सूक्त रथासारखें घडविल्याचें सांगतात, आणि विणल्याचेंहि सांगतात!

अमेरिकन कवि व समीक्षक जॉन क्रो रॅन्सम यानें १९४१ सालीं कवितेंत दोन गोष्टी वेगळ्या काढल्या : तर्कसंगत रचना, आणि तींत न सामावणारा तपशिलांचा पोत. उदाहरण दिलें तें घराच्या भिंतीचें. तुळया, फळ्या, गिलावा ही रचना. त्यांवरील रंग, कागद, पडदा हा पोत. कवितेचें कवितापण तो या पोतांतच मानी, हें त्याच्यावर अन्याय होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे. तरीहि उदाहरण फसवें आहे. रंग खरवडला तरी भिंत उभी राहते. वीण उसवली तर वस्त्र उरत नाहीं. सुताचा गुंता उरतो.

मराठींतला 'पोत' या बाबतींत अधिक शहाणा. आमच्या मातोश्री लुगडें घेतांना कापड अंगठा व तर्जनी यांमध्यें धरून चोळून पाहत. सूत किती बारीक, वीण किती घट्ट, हें त्यांचीं बोटें विचारीत. रंगाची गोष्ट मागाहून. हाच शब्द जमिनीलाहि लागतो, आणि तेथें तर वीण मुळींच नाहीं. मृदाशास्त्रांत जमिनीचा पोत म्हणजे वाळू, गाळ व चिकणमाती यांच्या कणांचें प्रमाण. ते कण एकमेकांस कसे धरून राहतात ती रचना. नांगरटीनें रचना बदलते, पोत बदलत नाहीं. रॅन्समच्या भिंतीवर जें सर्वांत वरचें, तें येथें सर्वांत तळचें.

म्हणून 'आशय सामान्य, पण पोत सुंदर' असें परीक्षणांत वाचलें म्हणजे आम्हांस कोडें पडतें. परीक्षकास बहुधा नादमाधुर्य किंवा प्रतिमांची रेलचेल म्हणावयाची असते. मग तसें म्हणावें, शब्द आहेत. पोत पाहावयाचा तर ज्ञानेश्वरींतील एखाद्या ओवींतला घरगुती मराठी शब्द काढून तेथें त्याच अर्थाचा संस्कृत शब्द बसवून पाहावा. कोशाच्या हिशेबीं अर्थ तोच भरतो, ओवी मात्र खरखरीत लागते. वर्गांत हा प्रयोग आम्ही कित्येकदां केला आहे. विद्यार्थ्यांस फरक कळतो, पण सांगतां येत नाहीं. आणि खरें म्हणजे आम्हांसहि तो दर वेळीं सांगतां येतोच असें नाहीं.