कमला सोहोनी आणि उद्धरणांची मोजपट्टी

शास्त्रज्ञाचे काम किती मोठे, हे ठरवण्याची एक सोपी रीत आता रूढ झाली आहे. त्याच्या शोधनिबंधाचा उल्लेख इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला, ते मोजायचे. अशा उल्लेखाला उद्धरण किंवा सायटेशन म्हणतात. जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी याच आधारावर निघते, आणि आमच्या छत्रपती संभाजीनगरातही त्यातील स्थानिक नावांची बातमी होते. ही मोजपट्टी कितपत खरी, हे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांच्या कामावरून पाहू.

कमलाबाई माहेरच्या भागवत; लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्यांनी आग्रह धरला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी अटी घालून त्यांना घेतले. तेथे दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या.

केंब्रिजच्या कामाविषयी एक वाक्य वारंवार छापले जाते: 'त्यांनी वनस्पतींत सायटोक्रोम सी हे विकर शोधले.' शिक्षकांनी हे वाक्य तपासून घ्यावे. सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे प्रथिन आहे, रूढ अर्थाने विकर नव्हे. शिवाय प्राणी, यीस्ट आणि वनस्पती यांत सायटोक्रोम असते, हे डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्येच दाखवले होते. रॉबिन हिल आणि कमला भागवत यांचा 'नेचर'मधील १९३९ चा लघुनिबंध सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी आहे. हे विकर सायटोक्रोमकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देते. श्वसनाची ही शेवटची पायरी वनस्पतींतही प्राण्यांसारखीच आहे का, असा तो प्रश्न होता. खरे काम एवढे मोलाचे असताना त्याला दंतकथेची जोड कशाला हवी?

आता उद्धरणे मोजू. पहिली अडचण नावाची. केंब्रिजचे निबंध 'भागवत' या नावावर आहेत, तर १९४७ मधील विवाहानंतरचे 'सोहोनी' या नावावर. केवळ नावावरून मोजणाऱ्याला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतील आणि दोघींची बेरीज होणार नाही.

दुसरी अडचण मोजले काय जाते याची. ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा प्रथिनमापनाच्या पद्धतीचा निबंध 'नेचर'ने २०१४ मध्ये केलेल्या यादीत पहिला होता. त्याची उद्धरणे तीन लाखांवर होती. तो निबंध उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण तराजू करणाऱ्याचे नाव प्रत्येक दुकानदार घेतो, म्हणून तो सर्वांत मोठा शेतकरी ठरत नाही.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंनी भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांचा अभ्यास केला. ट्रिप्सिन हे आतड्यात प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या कडधान्यांतील रोधके त्याला अडवतात आणि शिजवल्याने ती बरीचशी निकामी होतात. नीरेच्या पोषणमूल्यावरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. अशा संशोधनाचा लाभ ज्याच्या ताटात पोहोचतो, तो शोधनिबंध लिहीत नाही. त्याच्याकडून उद्धरण येणार कोठून?

म्हणून उद्धरणे टाकाऊ आहेत, असे आम्ही म्हणत नाही. आपले काम समव्यवसायींनी वाचले व वापरले, याची ती एक खूण आहे. उद्धरणे कमी म्हणजे काम उपेक्षित पण थोर, असा उलटा निष्कर्षही चुकीचाच. आमची तक्रार आकडा पाहून वाचन थांबवण्याबद्दल आहे. कारण मग नेमणुका, बढत्या आणि अनुदाने त्या आकड्यावर ठरू लागतात, आणि तरुण संशोधक स्थानिक अन्नाचा, पाण्याचा, पिकांचा प्रश्न सोडून लवकर उद्धरण मिळवून देणारा विषय निवडतो.

विज्ञानदिनी वर्गात शास्त्रज्ञांची चरित्रे वाचली जातातच. यंदा विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत: या व्यक्तीपुढे नेमका प्रश्न कोणता होता? तोपर्यंत काय माहीत होते? आणि उत्तराचा उपयोग कोणाला झाला? बारावीचा विद्यार्थीही एवढे शोधू शकतो. उद्धरणांचा आकडा त्याने त्यानंतर पाहावा.