व्यासपीठावरचा इस्रायल

श्रीगोंद्यात माझ्या पिढीने ‘इस्रायल’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो ठिबकबरोबर. लिंबाच्या बागेत नळ्या अंथरताना कुणीतरी म्हणायचंच, की तिकडे वाळवंटात पिकं घेतात आणि आपण कुकडीच्या आवर्तनाची वाट बघत बसतो. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात इस्रायलच्या सहकार्याने डाळिंबाचं केंद्र आलं. थोडक्यात, आमचा इस्रायल हा शेतीखात्याचा विषय होता.

ऑक्टोबर २०२३मध्ये गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसराच इस्रायल आला. हा घरात घुसून मारणारा. पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून मी ते फॉरवर्ड वाचत होतो. त्यातल्या बहुतेकांवर लिहावं असं काही नाही. पण त्याच आठवड्यात महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या नेत्यांची या विषयावर जुंपली, आणि तिच्यातला मजकूर मात्र नीट वाचण्यासारखा आहे.

७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलवर हल्ला केला. पंतप्रधानांनी त्याच दिवशी इस्रायलच्या पाठीशी असल्याचं जाहीर केलं. काही दिवसांनी मुंबईत पक्षाच्या बैठकीत शरद पवार म्हणाले, की नेहरूंपासून वाजपेयींपर्यंत सगळ्यांनी पॅलेस्टाईनची बाजू घेतली होती, जमीन त्यांची आहे आणि इस्रायलने तिच्यावर अतिक्रमण केलं. त्यावर पीयूष गोयल यांनी समाजमाध्यमावर उत्तर दिलं. ते तेव्हा केंद्रीय वाणिज्यमंत्री होते, पुढे सहा-सात महिन्यांत उत्तर मुंबईतून लोकसभेचे उमेदवार झाले आणि निवडून आले. आसामचे मुख्यमंत्री हिमंता बिस्वा सरमा तर म्हणाले, की पवार आता सुप्रिया सुळेंना हमासच्या बाजूने लढायला गाझाला पाठवतील. हा विनोद होता असं म्हणतात.

गोयल यांचं उत्तर मी बऱ्याचदा वाचलं. दहशतवादाचा जगात कुठेही निषेध व्हायला हवा, हे त्यातलं वाक्य बरोबरच आहे, त्यावर वाद नाही. पण मजकूर लगेच वळतो तो दिल्लीच्या बाटला हाउसकडे, जुन्या सरकारच्या झोपेकडे आणि पवारांच्या मानसिकतेकडे. भारताने आता काय करावं, याबद्दल एक शब्द नाही. परराष्ट्र धोरणावरची म्हणून वाचायला घेतलेली पोस्ट शेवटपर्यंत देशाची हद्द ओलांडत नाही.

त्यांचं सरकार मात्र त्याच महिन्यात हद्दीबाहेर बरंच काही करत होतं. १२ ऑक्टोबरला परराष्ट्र मंत्रालयाने स्वतंत्र, सार्वभौम पॅलेस्टाईन ही भारताची जुनी भूमिका कायम असल्याचं सांगितलं. २२ तारखेला पॅलेस्टिनी लोकांसाठी औषधं आणि मदतसामग्री घेऊन हवाई दलाचं विमान निघालं. २७ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, हमासचा निषेध ठरावात घालण्याच्या दुरुस्तीला भारताने पाठिंबा दिला आणि युद्ध थांबवण्याच्या मूळ ठरावावर तटस्थ राहिला. १२ डिसेंबरला युद्धबंदीची मागणी करणारा ठराव आला, तेव्हा भारत बाजूने मत देणाऱ्या १५३ देशांत होता. नोव्हेंबरमध्ये २६/११ला पंधरा वर्षं होत असताना इस्रायलने लष्कर-ए-तोयबाला दहशतवादी संघटना जाहीर केलं. भारताने हमासचं नाव आपल्या यादीत घातलं नाही, निवडणूक झाली तोपर्यंतही नाही.

हे धोरण चूक आहे असं मला म्हणायचं नाही. उलट मला ते बऱ्यापैकी शहाणपणाचं वाटतं. पण मग ‘दहशतवादाबद्दल ढिलाई’ हा आरोप पवारांवर करताना मंत्र्यांच्या हातात नेमकं कुठलं माप होतं? आमच्या धंद्यात स्क्रीनवर एक आकडा आणि डेटाबेसमध्ये दुसरा दिसला, तर त्याला बग म्हणतात आणि रात्री जागून तो दुरुस्त करतात. राजकारणात त्यावर प्रचार चालतो.

पूर्वी असं नव्हतं, म्हणावं तर तेही खरं नाही. पूर्वी ते उलट होतं. १९७७च्या विजयसभेतलं वाजपेयींचं भाषण त्याच ऑक्टोबरमध्ये पुन्हा फिरत होतं: इस्रायलने अरबांची बळकावलेली जमीन सोडावी, असं ते त्यात सांगतात. त्याच वर्षी, वाजपेयी परराष्ट्रमंत्री असताना, इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप भारतात येऊन मोरारजी देसाई आणि वाजपेयींना भेटून गेले. तेव्हा व्यासपीठ अरबांच्या बाजूचं आणि बंद खोलीत इस्रायलचा पाहुणा. आता व्यासपीठ इस्रायलचं आणि आमसभेत मत युद्धबंदीला.

या प्रकारातलं मराठी माणसाचं सर्वांत सरळ लिखाण शोधायचं, तर सावरकरांच्या १९ डिसेंबर १९४७च्या पत्रकापर्यंत मागे जावं लागतं. पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या विरोधात भारताने नोव्हेंबरमध्ये मत दिलं होतं. सावरकर त्या मतावरच बोट ठेवतात. ज्यांनी नुकतीच स्वतःच्या देशाची फाळणी मान्य केली, त्यांनी पॅलेस्टाईनच्या अखंडतेचे गोडवे गावेत, हा त्यांचा टोला आजही लागतो. त्यांचा निष्कर्ष पटो न पटो, त्यांना देशाने काय करायला हवं होतं ते कळतं. मतदानाचा कागद समोर ठेवून ते भांडतात.

पण याच सावरकरांनी १९३८मध्ये मालेगावच्या भाषणात, जर्मनीतल्या ज्यूंचं काय झालं ते पाहा, अल्पसंख्य होते म्हणून हाकलले गेले, असा दाखला दिला होता. दोन्ही एकत्र वाचले की अंगावर येतं. ज्यू तिथे बळी असताना उदाहरण, इथे राष्ट्र उभारताना आदर्श. दोन्ही वेळा नजर मात्र इथल्या मुसलमानांवर. गोयल यांच्या पोस्टमधलं बाटला हाउस मला याच वळणावर पुन्हा भेटतं. आणि कोकणात शतकानुशतकं मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत राहिलेले आपले बेने इस्रायली या सगळ्यात कुणालाच आठवत नाहीत.

पवारांनाही सोडायचं कारण नाही. १९९२च्या जानेवारीत भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, तेव्हा संरक्षणमंत्री तेच होते. ज्या देशाशी आपलं सरकार हात मिळवत होतं, त्याला तीस वर्षांनी नुसतं अतिक्रमण करणारा म्हणून मोकळं व्हायचं, तर मधल्या तीस वर्षांचा हिशेब कुणी द्यायचा? शिवाय ‘जमीन मुळात कुणाची’ हा प्रश्न महाराष्ट्रात कोण कुणाविरुद्ध वापरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

तरी माझी खरी तक्रार वेगळीच आहे. युद्ध महाराष्ट्रात खरोखर पोचलं ते तांबड्या समुद्रातून. नोव्हेंबर २०२३पासून हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले. युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. द्राक्षाच्या हंगामात नाशिककडचे कंटेनर त्यात सापडले. वाटेत आठवडा-दोन आठवडे जास्त, भाडं वाढलेलं, आणि द्राक्ष काही थांबणारा माल नाही. त्यातच डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी आली. १३ मे २०२४ला आमच्या अहमदनगर मतदारसंघात मतदान झालं, त्याआधी पारावर दोनच विषय होते, कांदा आणि दूध.

निर्यात हे वाणिज्य मंत्रालयाचं काम. म्हणजे गाझावरून देशभक्तीचं माप काढणारी ती पोस्ट लिहिणाऱ्याच्याच टेबलावर तांबडा समुद्रही होता आणि कांदाही. खात्याने बैठका घेतल्या, नाही असं नाही. पण माझ्या फोनवर आलेल्या प्रचाराच्या एकाही क्लिपमध्ये, कुठल्याही पक्षाच्या, मला सुएझ हा शब्द ऐकू आला नाही. गाझा पन्नास वेळा आलं.

मतदानाला गावी गेलो तेव्हा चुलते बागेत ठिबकचे फिल्टर धूत होते. त्यांनी विचारलं, तिकडचं युद्ध कधी थांबणार. मी म्हटलं, तुम्हाला काय पडलंय त्याचं. तर म्हणाले, ‘अरे, भाडं उतरायला नको का?’