चुकण्याचा अधिकार

‘अस्खलित’ हा शब्द आपण नेहमी प्रशंसेसाठी योजतो. एखादा परदेशी अभ्यासक अस्खलित मराठी बोलतो असे म्हणताना आपल्या मनात कौतुकच असते. परंतु या शब्दाची घडण नकारात्मक आहे. जो अडखळत नाही, ज्याचा पाय घसरत नाही, तो अस्खलित. मराठीत जन्मलेल्या माणसाला आपण हे विशेषण सहसा लावत नाही. लावलेच तर व्यासपीठावरील वक्त्याला. अमका गृहस्थ आपल्या आईशी अस्खलित मराठीत बोलतो, हे विधान हास्यास्पद वाटते. वस्तुतः आईशी बोलताना माणूस सारखा अडखळत असतो. वाक्य अर्ध्यावर सोडतो, आरंभी योजलेल्या कर्त्याशी न जुळणारे क्रियापद शेवटी वापरतो, शब्द सुचला नाही तर ‘ते हे’ म्हणून वेळ मारून नेतो. यामुळे त्याच्या मराठीपणाला बाध येत नाही. ज्याला स्खलन परवडते तो जन्मभाषक आणि ज्याला ते परवडत नाही तो अस्खलित भाषक, असा भेद प्रथमदर्शनी तरी करता येईल. (‘जन्मभाषक’ ही संज्ञा येथे सोयीसाठी घेतली आहे. ‘मातृभाषक’ म्हटले की प्रश्न आईपाशीच सुटल्यासारखा वाटतो, आणि तो तेथे सुटत नाही असेच पुढे दाखवावयाचे आहे.)

भाषाविज्ञानाने हा भेद ज्ञानाच्या अंगाने मांडला. चॉम्स्कीने 1965 साली एकजिनसी भाषिक समूहातील आदर्श भाषकाची जी कल्पना मांडली, तिच्यात जन्मभाषकाची अंतःप्रेरणा हाच व्याकरणाचा पुरावा ठरतो. ‘पेन’ हा शब्द मराठीत आला तेव्हा त्याचे लिंग कोणी ठरवले? कोणत्याही समितीने नव्हे. काही घरांत तो पेन झाला, काही घरांत ते पेन, आणि दोन्ही घरे बरोबर ठरली. अस्खलित भाषकाला मात्र यांपैकी बरोबर कोणते हे विचारावे लागते. उलट थॉमस पैकडे या कोशकाराने 1985 साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘नेटिव्ह स्पीकर’ मृत झाल्याची घोषणा केली. प्रभुत्वाहून निराळे असे जन्मभाषकत्व नसतेच, असा त्याचा रोख होता. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : कोणाला किती येते? पेनच्या उदाहरणात फरक ज्ञानाचा नाही. एकाच्या बोलण्याने भाषा बनते, दुसऱ्याचे बोलणे भाषेला ताडून पाहिले जाते. हा फरक अधिकाराचा आहे. अधिकार म्हटला की तो कोणी दिला, कोणाला दिला, कोणाला नाकारला, हे प्रश्न ओघानेच येतात. आणि ते व्याकरणाच्या कक्षेतले नाहीत.

मराठीचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास या दृष्टीने बोलका आहे. ‘नेटिव्ह’ हा शब्द आपल्याकडे आला तो अधिकाराचा वाचक म्हणून नव्हे. अधिकाराचा अभाव दाखवण्यासाठी. नेटिव्ह म्हणजे ज्याच्यावर राज्य करावयाचे तो. त्याच काळात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1831) सिद्ध झाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 साली निघाली. या कामात मोल्सवर्थचा सहकारी असलेला मेजर थॉमस कँडी पुढे सरकारचा मराठी भाषांतरकार झाला. शालेय पुस्तकांच्या मजकुरावर त्याचा हात फिरे. आज आपण ज्या विरामचिन्हांनी मराठी वाक्य तोडतो व जोडतो, त्यांची परिभाषाही त्यानेच सिद्ध करून 1850 साली प्रसिद्ध केली. म्हणजे अस्खलित परक्याने जन्मभाषकाचे मराठी तपासावे, आणि ते तपासून घेतल्यावरच छापले जावे, अशी व्यवस्था काही दशके सुरळीत चालली. कँडीची मराठी वाईट होती असे मला म्हणावयाचे नाही. अनेक पंडितांपेक्षा ती सुबोध होती. मुद्दा असा की, जन्माने मिळतो असे आपण गृहीत धरतो तो अधिकार शासनव्यवस्थेने सहज उलटा केला. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने 1874 साली आरंभालाच मराठीच्या सांप्रतच्या स्थितीचा प्रश्न घ्यावा, हे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे तो केवळ शैलीचा वाद राहत नाही. हातातून गेलेला अधिकार परत मागण्याचा तो प्रकार होता. तो परत मिळाला तेव्हा कोणाच्या हाती आला, याकडे पुढे यावे लागेल.

तत्पूर्वी उलट दिशेने गेलेले तीन लेखक पाहू. साताऱ्यास जन्मलेल्या, मराठी वळणात वाढलेल्या दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकरांनी आपले लेखन प्रामुख्याने गुजरातीत केले, आणि गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. यापेक्षा मोठा गौरव कोणता? परंतु या गौरवातच एक अंतर आहे. जो गुजराती आहे त्याला कोणी सवाई गुजराती म्हणत नाही. पावपट अधिक मोजण्यासाठी माप लागते, आणि माप फक्त बाहेरच्याला लावतात. कालेलकर अस्खलिततेच्या परमावधीला पोहोचले. पण त्या विशेषणाने त्यांना उंबरठ्यावरच सन्मानाने उभे केले.

द. रा. बेंद्रे यांना कोणी सवाई कन्नड म्हटल्याचे ऐकिवात नाही. घरची भाषा मराठी, आणि ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने लिहिलेली कविता मात्र आधुनिक कन्नड काव्याचा मानदंड ठरली. 1973 सालचे ज्ञानपीठ ‘नाकु तंती’साठी त्यांना मिळाले. त्यांच्या सोलापूरच्या वास्तव्यात ते कन्नडचे प्राध्यापक होते, हीही गोष्ट मार्मिक आहे. कालेलकर आणि बेंद्रे यांच्यात प्रभुत्वाचे अधिकउणे शोधून काही हाती लागेल असे वाटत नाही. बेंद्र्यांची कन्नड ग्रंथांतून उचललेली नव्हती. ती धारवाडच्या बोलण्यातून, लोकगीतांच्या लयीतून आली, आणि त्या बोलण्यात मराठी शब्द आधीपासून वस्तीला होतेच. त्यांची भाषा आईची नसेल, पण गल्लीची होती. गल्लीने ज्याला आपले म्हटले त्याची मोडतोड कविता म्हणून स्वीकारली गेली. शब्दांशी त्यांनी केलेला खेळ कन्नड वाचकाने चूक म्हणून मोजला नाही. जन्मभाषकत्व जन्मानंतर लाभू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आई एक, घर एक, माळव्याचा परिसर एक. थोरले गजानन माधव हिंदीचे कवी झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ 1964 साली प्रसिद्ध झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. धाकटे शरच्चंद्र ‘नवी मळवाट’ (1949) आणि ‘यात्रिक’ (1957) यांचे मराठी कवी. थोरल्यांच्या हिंदीतील मराठी वळणांकडे समीक्षकांनी बोट दाखवले आहे. परंतु ती लांबलचक, गाठी पडलेली वाक्ये आज हिंदी वाचकाला त्या कवितेच्या ताणापासून वेगळी काढता येत नाहीत. धाकट्यांची मराठीही भोवतालच्या हिंदीला पाठ देऊन घडवलेली, काहीशी निग्रहाने उभी राहिलेली मराठी आहे. दोघांपैकी जन्मभाषक कोण आणि अस्खलित कोण, हे आईकडे पाहून सांगता येत नाही.

आता मघाच्या प्रश्नाकडे. मराठीचा अधिकार परत आला तो प्रमाणभाषेच्या धन्यांकडे. पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आलेला फार मोठा समाज लेखनाच्या दारात परभाषक ठरला. त्याचे ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ संवादांपुरते, तेही अवतरणचिन्हांत, चालवून घेतले गेले. ‘गोलपिठा’ (1972) या नामदेव ढसाळांच्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तीत मराठीचा एक अव्वल लेखक मराठीच्याच एका कवीकडे शब्दांचे अर्थ विचारायला जातो. ही तेंडुलकरांची विनम्रता आहेच. मला तीत भूमिकांची अदलाबदलही दिसते : येथे अस्खलित कोण आणि जन्मभाषक कोण, हे त्या विचारपुशीतच ठरून जाते. दुर्दैवाने नंतरच्या समीक्षेने ही अदलाबदल पेलली नाही. तिने ‘रांगडी’, ‘रोखठोक’, ‘अनघड’ ही विशेषणे शोधली. ती कालेलकरांच्या ‘सवाई’सारखीच आहेत, स्वागत करतात आणि उंबरठ्यावर थांबवतात.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) तर या चौकटीत बसतच नाही. कैकाडी ही द्राविड कुळातील बोली. म्हणजे काटेकोर अर्थाने मराठी ही मान्यांची मातृभाषा नव्हे. भाषेच्या हिशेबाने त्यांची जागा बेंद्र्यांच्या शेजारी आहे. परंतु बेंद्र्यांविषयी बोलताना आपण दोन भाषांच्या संगमाची चर्चा करतो, आणि ‘उपरा’विषयी बोलताना जातीच्या अनुभवाची. अनुभवाची चर्चा व्हायलाच हवी. पण एकाला द्वैभाषिक प्रतिभा आणि दुसऱ्याला बोलीभाषा असे वाटून देताना आपण भाषेविषयी बोलत नसतो, एवढे तरी कबूल करावे.

या विवेचनावर एक आक्षेप सरळ येतो. जन्मभाषकाची प्रत्येक चूक म्हणजे रूढी, असे मानले तर दुरुस्तीला आधार कोणता? ‘मला मदत केली’ऐवजी ‘माझी मदत केली’ हे हिंदी वळण आता मराठी घरांतील मुलांच्या तोंडी रुळत आहे, आणि ती मुले जन्मभाषकच आहेत. प्रबंधात ते दिसले की मी लाल शाईने ‘माझी’ खोडून ‘मला’ करतो. पूर्वी समासात ‘अशुद्ध’ असेही लिहीत असे. आता ते लिहीत नाही. दुरुस्ती मात्र अजून करतो, आणि ती करताना कँडीची आठवण होते.