बिडीवरचा कर घटला, पण फायदा कुणाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. तेंदूपत्त्यावरचा तर १८ वरून थेट ५ टक्के. सिगारेटला मात्र ४० टक्क्यांच्या गटात टाकलं. आपल्या भंडारा जिल्ह्यात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून आणि घरी बिड्या वळून चार पैसे मिळवणारी कुटुंबं आहेत. त्यामुळे 'गरिबाच्या पोटाचा विचार केला' हा युक्तिवाद इथे लगेच पटतो. मला तो कच्चा वाटतो. का, ते बघा.

आधी गणित. १०० रुपयांच्या बिडीवर २८ रुपये कर, म्हणजे गिऱ्हाईक १२८ रुपये देणार. त्यात कराचा वाटा सुमारे २२ टक्के. नव्या दराने ११८ रुपये, वाटा सुमारे १५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा वाटा किमान ७५ टक्के हवा.

आता खप. किंमत एक टक्का बदलली की खप किती टक्के बदलतो, याला अर्थशास्त्रात लवचिकता म्हणतात. रिजो जॉन यांच्या २००८ च्या अभ्यासात भारतातल्या बिडीसाठी ती उणे ०.९ च्या जवळ निघाली. १२८ चे ११८ म्हणजे जवळपास ८ टक्के स्वस्त. ही सगळी सूट गिऱ्हाइकापर्यंत पोचली, तर खप साधारण ७ टक्क्यांनी वाढेल.

'मग काम वाढेलच ना?' तुम्ही विचाराल. थोडं वाढेल. पण मजुरी मिळते हजार बिड्यांमागे, आणि कर उतरला म्हणून हजारी दर आपोआप चढत नाही. जास्त पैसे हवेत तर जास्त बिड्या वळा, तंबाखूची जास्त धूळ नाकात घ्या. वर त्या बिड्या ओढणारेही बहुतेक मजूर आणि शेतकरीच.

कामगारांचीच काळजी असेल, तर १९७६ चा कायदा आठवा. त्याने बिडीवर वेगळा उपकर लावला होता. तो पैसा बिडी कामगारांचे दवाखाने, घरं आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी राखलेला असे. २०१७ मध्ये जीएसटी येताना तो उपकर रद्द झाला. कामगारांचं नाव घेऊन कर कमी करता येतो, मग त्यांच्यासाठी राखलेला पैसा परत आणायची गोष्ट का निघत नाही? कर चढा ठेवून त्यातला ठरलेला हिस्सा वळणाऱ्या बाईपर्यंत पोचवणं हाही मार्ग आहेच.

म्हणून करकपातीचं कौतुक ऐकलं, की एवढंच विचारा: हजारी दर कितीने वाढला?